नवाचा ताळा

"पाणी! वहिनी, नुसतं पाणी!" माझी नणंद ओरडत होती, आणि सासूबाई चिरलेलं लिंबू घेऊन तिच्या डोळ्यांशी झटत होत्या.

मी सासूबाईंचा हात धरून बाजूला केला. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या अंगाला असा हात मी कधी लावला नव्हता. नणंदेला मानेशी धरून परसातल्या हौदाकडे ओढलं, तिचं तोंड वर केलं आणि तांब्यामागून तांब्या ओतायला लागले. ती डोळे मिटायची, मी बोटांनी उघडायची. कातडी हाताला बुळबुळीत लागत होती, साबण लावल्यासारखी. ती लाथा झाडत होती. "सोड मला," म्हणत होती. मी म्हटलं, "सोडत नाही. डोळा उघड." तोवर मी तिला वन्सं म्हणत असे आणि अहोजाहो करत असे, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. त्या दिवशी हौदाशी 'तू' सुरू झालं ते कायमचं.

झालं होतं ते असं. आमच्याकडे धुण्याचा साबण घरीच करायचे. सासूबाई मडक्यात थंड पाणी घेत आणि त्यात कॉस्टिक सोड्याचे खडे एकेक करून टाकत. नणंदेला अभ्यासाला बसायची घाई होती. तिने खडे आधी टाकले आणि वरून चुलीवरचं कढत पाणी ओतलं. मडकं उसळलं आणि सगळं तिच्या तोंडावर आलं. ही मुलगी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकत होती. विरघळताना किती उष्णता बाहेर पडते याची गणितं ती कागदावर करायची.

आणि लिंबू का, तर त्याच आठवड्यात ती मोठ्याने पाठ करत होती की आम्ल आणि अल्क एकत्र आले की दोघेही संपतात, मीठ आणि पाणी उरतं. सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या मूर्ख नव्हत्या. ऐकलेलं लगेच वापरणाऱ्या होत्या, एवढंच.

सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती वेळ ओतलं?"

मी म्हटलं, "हौद तळाला लागेपर्यंत."

"म्हणून निदान एकाची आशा आहे," ते म्हणाले. "लिंबू पिळलं असतं तर आगीवर आग झाली असती." सासूबाई माझ्यामागेच उभ्या होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरात साबण दुकानातून आला.

दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून तिला घरी आणलं. डावा गेलाच, असं डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. उजव्याचं पट्टी सुटल्यावर कळणार होतं, आणि पट्टी सुटायच्या आधी तिची परीक्षा होती.

आता ही परीक्षा काय होती ते सांगायला हवं. सासऱ्यांचं घराणं बंगळुरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं. घरात मराठी बोलायचे, तीही निम्मी कन्नड. शाळा सगळ्यांची कन्नड नाहीतर इंग्रजी. देवनागरी कोणालाच धड वाचता येत नव्हती. मी बेळगावकडची, मराठी चौथी पास. माझा नवरा के. आर. पुरमकडच्या एका सरकारी कारखान्यात होता, सकाळी कारखान्याच्या बसने जायचा. आम्ही जयनगरात राहायचो. जयनगर तेव्हा नवं होतं, प्लॉट जास्त आणि घरं कमी. नणंद बी.एस्सी.च्या सगळ्या विषयांत पास झाली होती, एक सोडून. फिजिकल केमिस्ट्री. वायू, उष्णता, आम्लं. सूत्रं तिला पाठ होती, पण गणितात घाई करायची आणि चुकायची. सासूबाईंनी बजावलं होतं, "आणखी एकदा बस. या खेपेला नाही झालं तर कॉलेज बस झालं." होसूरचे एक बिजवर सांगून आलेले होते. पदरी दोन मुलं. डोळ्यांचं कळल्यावर ते मागे हटतील असं आम्हाला वाटलं. त्यांचा निरोप आला की एक डोळा नसला तरी हरकत नाही, स्वयंपाक येतो ना.

नणंद खाटेवर पट्ट्या बांधून बसली होती. निरोप ऐकून म्हणाली, "स्वयंपाक येत नाही म्हणून कळवा त्यांना. मडकं कसं उडवते तेही कळवा."

मग माझा हात चाचपडत धरला. "वहिनी, मी परीक्षेला बसणार आहे."

"कशी?"

"तू लिही."

मी म्हटलं, "मला ए बी सी डी येत नाही."

"आकडे येतात ना?"

इंग्रजी आकडे मला येत होते. बसवरचे, रेशनकार्डावरचे, कॅलेंडरवरचे. "ये तर मग," ती म्हणाली.

सकाळी कारखान्याला जायच्या आधी माझा नवरा, म्हणजे तिचा अण्णा, पुस्तकातली दोन-तीन गणितं मोठ्याने वाचून दाखवी. नणंद ती मनात धरून ठेवी. तिची आठवण चांगली होती. माणूस डोळे मिटून बसला की आठवण आणखी चांगली होते, हे मला तेव्हा दिसलं. मग दिवसभर, माझं काम चालू असताना, ती एकेक गणित सोडवी. मी वाटायला बसले की ती रगड्याशेजारी येऊन बसे. स्वयंपाकघराची जमीन लाल होती, गुळगुळीत घोटलेली. मी खडूने जमिनीवर लिही आणि ओल्या फडक्याने पुसून टाकी. पी, व्ही, टी, एन, आर ही अक्षरं मी रांगोळीसारखी शिकले. कुठून सुरू करायचं, कुठे वळायचं, कुठे सोडायचं. 'म्हणून' लिहायचं असेल तर तीन ठिपके द्यायचे. ते मला फार आवडले.

तिला एकाच गोष्टीचा धाक होता. ती म्हणे, "वहिनी, मी सांगते तेवढंच लिही. शेजारच्या इंटर झालेल्या मुलाला अण्णा बोलवू म्हणतो. तो नको मला. तो मध्ये शहाणपणा करेल."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहत. "पानं कुठे मांडू? सगळ्या घरभर तुझा पी आणि व्ही पसरलाय."

"आई, स्वल्प थांब. वायू थंड होतोय."

"वायू थंड होतोय आणि सारही थंड होतंय. आवरा."

पण पानं त्या ओसरीवर मांडत. माझ्या वाटणीचं अर्धं काम त्यांनी त्या दिवसांत न बोलता उचललं. हे मी लिहून ठेवते, कारण त्यांच्याबद्दल लिंबाचीच गोष्ट सांगितली जाते.

मग एक संध्याकाळ वाईट गेली. जमिनीवर त्या दिवशीची गणितं तशीच ठेवली होती. नवरा कामावरून आला, चपला काढून पुस्तक घेऊन आला आणि मागची उत्तरं बघून ताडू लागला. पहिलंच गणित सोपं होतं. इतक्या तापमानाला आणि इतक्या दाबाला एवढा वायू आहे, शून्य अंशाला आणि नेहमीच्या दाबाला किती होईल.

"दोनशे एकोणतीस पूर्णांक चार," त्याने जमिनीवरून वाचलं. "पुस्तकात दोनशे एकवीस पूर्णांक पाच आहे. चूक."

दुसरं चूक. तिसरं चूक. नणंदेचा चेहरा पट्टीखाली पांढरा झाला. ती म्हणाली, "अण्णा, पुन्हा बघ." त्याने पुन्हा बघितलं. चूकच.

"मग मला येत नाही," ती म्हणाली. "होसूरला कळवा." हे ती चेष्टेने म्हणाली नाही. उठून भिंत चाचपत आत गेली.

मला राग आला, कारण ती दुपारी मला दोनशे एकवीस पूर्णांक पाच असंच म्हणाली होती. ऐकलेलं मी विसरत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "दोनशे एकवीसच लिहिलंय."

"कुठे? हा नऊ आहे."

"नऊ कुठला? एक आहे."

"आणि हा चार."

"तो पाच आहे! तुम्हाला दिसत नाही का?"

"मला दिसतंय. तुलाच लिहिता येत नाही."

आम्ही दोघं जमिनीवर गुडघे टेकून भांडत होतो. सासूबाई मध्ये येऊन खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हे तर कॅलेंडरवर नसतात तसले आकडे." तेव्हा मला दिसलं. मी सावकाश लिहीत असले की इंग्रजी आकडे काढी. ती भराभर सांगू लागली की माझा हात शाळेत शिकलेल्या मराठी आकड्यांवर जाई. माझा १ त्याला नऊ दिसत होता, ५ चार दिसत होता, ४ आठ दिसत होता. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच, म्हणून इतके दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. मराठी माणूस, पण मराठी आकडा त्याने शाळेत पाहिलाच नव्हता. गणितं सगळी बरोबर होती.

मी आत जाऊन तिला सांगितलं. तिला आधी हसू आलं, मग तिने माझं मनगट धरलं.

"वहिनी, हे अण्णाने पकडलं. परीक्षेत कोण पकडणार? मला कागद दिसत नाही. तू इंग्रजी आकडे काढशील हे ठीक. पण माझाच गुणाकार चुकला तर मला कळणार कसं?"

मी म्हटलं, "ताळा घे."

"काय घे?"

ताळा तिला माहीत नव्हता. आमच्या शाळेत मास्तर प्रत्येक गुणाकाराला ताळा घ्यायला लावत, नाही घेतला तर अंगठे धरायला लावत. आकड्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करायची. ती दोन अंकी आली तर पुन्हा बेरीज, एक अंक उरेपर्यंत. दोन आकड्यांचे असे दोन अंक काढायचे, त्यांचा गुणाकार करायचा, त्याचाही एक अंक करायचा. उत्तराचा अंक त्याच्याशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर गुणाकार नक्की चुकला. त्याला कागद लागत नाही, डोळे लागत नाहीत.

ती म्हणाली, "हे कोणी मला आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

त्यानंतर प्रत्येक गुणाकाराला ताळा. ती मनात घेई, मी मनात घेई, आणि दोघी एकदम अंक बोलू. माझा मास्तर परवडला इतकी ती कडक झाली. लॉगची कोष्टकं मला बघता येईनात, तर तिने दोन, तीन आणि सात यांचे लॉग पाठ केले आणि बाकीचे त्यांतून काढायला लागली. आम्लाचं गणित आलं की ती बोटं मोडत पुटपुटे आणि शेवटी म्हणे, "दोन पूर्णांक सत्त्याऐंशी. लिही." मी इंग्रजी आठ काढी. मराठी आठ काढायचा नाही, म्हणून स्वतःला दर वेळी मनात सांगे.

परीक्षेला लेखनिक घ्यायची परवानगी काढायला आम्ही कॉलेजात गेलो. ऑफिसातले गृहस्थ कन्नड बोलत होते. त्यांनी मला विचारलं, "किती शिकलात अम्मा?"

"चौथी."

"इंग्रजी?"

"नाही."

"रसायन?"

मी म्हटलं, "साबण."

ते हसले नाहीत, कागद वाचत राहिले. मग म्हणाले, "नियम असा आहे की लिहिणाऱ्याला तो विषय येता कामा नये. तुमच्याइतकं न येणारं दुसरं कोणी मला मिळणार नाही. सरी, चालेल." आणि पुढे बजावलं, "एक लक्षात ठेवा. प्रश्न आमच्या बाई वाचतील. तुम्ही ही सांगेल ते लिहायचं. एक शब्द बोललात, खूण केलीत, तर पेपर रद्द."

परीक्षेची खोली वेगळी होती, बाकीच्यांपासून लांब. एक टेबल, आम्ही दोघी, आणि समोर खुर्चीवर त्या बाई. त्या प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत आणि मग स्वेटर विणत. पण डोळे आमच्यावरच. लांबलचक वर्णनाचे प्रश्न नणंदेने आधीच सोडायचे ठरवले होते, तेवढं इंग्रजी मी लिहू शकत नव्हते. गणितांवर पास व्हायचं होतं. म्हणजे गणित चुकवायची सोय नव्हती.

आम्लाचं झालं. उष्णतेचं झालं. मग वायूचं आलं. तीनशे पासष्ट घनसेंटीमीटर वायू, दाब सातशे बेचाळीस. याच्या उत्तरावर पुढचे दोन भाग होते. नणंद म्हणाली, "तीनशे पासष्ट गुणिले सातशे बेचाळीस. बरोबर, दोन लाख ऐंशी हजार आठशे तीस. लिही."

मी लिहिलं. लिहिता लिहिता मनात ताळा घेतला, सवयच लागली होती. तीन, सहा, पाच, चौदा. एक आणि चार पाच. सात, चार, दोन, तेरा. एक आणि तीन चार. पाच चोक वीस, म्हणजे दोन. उत्तराचे दोन, आठ, शून्य, आठ, तीन, शून्य. एकवीस, म्हणजे तीन.

दोन पाहिजे होते, तीन आले.

तिने ताळा घेतला नव्हता. जुनी घाई. ती पुढे गेली होती, "गुणिले दोनशे त्र्याहत्तर," आणि ओठ हलवत होती.

टाक थांबवला असता तर तिला ऐकू गेलं असतं. गेल्या कित्येक दिवसांत तिचे कान फार तिखट झाले होते. टाकाची करकर थांबली की ती लगेच "काय झालं?" विचारी. म्हणून मी टाक थांबवला नाही. बाई माझ्याकडे बघत होत्या म्हणून नव्हे. बोलायचं नाही असं मी कबूल केलं होतं, आणि थांबणं हेही बोलणंच झालं असतं. मी तीन ठिपके काढले आणि नेहमीच्या चालीने पुढचा आकडा लिहिला.

ती म्हणाली, "सात कोटी सहासष्ट लाख सहासष्ट हजार पाचशे नव्वद."

लिहिलं. आता भागाकार येणार, मग उत्तर, मग त्या उत्तरावरचं पुढचं सगळं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बोटं टेबलावर चालायला लागली. बाईंनी विणणं थांबवून विचारलं, "काय पुटपुटते आहे ही?" मी त्यांच्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाही.

नणंदेची बोटं थांबली. "सहा यायला पाहिजे," ती स्वतःशीच म्हणाली. "नऊ येतात." मग मोठ्याने, "खोड. दोन्ही ओळी खोड."

मी खोडल्या. तिने पहिल्यापासून पुन्हा केलं, या खेपेला एकेक पायरीला थांबून. "दोन लाख सत्तर हजार आठशे तीस," आणि लगेच "दोन, जुळलं." मग दुसरा गुणाकार, "सात कोटी एकोणचाळीस लाख छत्तीस हजार पाचशे नव्वद," आणि "सहा, जुळलं." या सगळ्यात वेळ गेला. शेवटचा प्रश्न बाईंनी वाचला आणि घंटा झाली. तो तसाच राहिला.

बाहेर येऊन बसची वाट बघत उभ्या होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर.

"वहिनी, तू ताळा घेतला होतास ना?"

"हो."

"चुकलंय हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि लिहीत बसलीस?"

"तूच म्हणाली होतीस, सांगते तेवढंच लिही."

ती म्हणाली, "निदान चेहरा तरी वाकडा करायचास."

"तुला दिसणार होता?"

ती इतकी मोठ्याने हसली की स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. पट्ट्या बांधलेली मुलगी रस्त्यात हसते आहे, हे त्यांना पटेना.

पट्टी सुटली तेव्हा उजव्या डोळ्याला आधी फक्त उजेड आला, मग खिडकी, मग आमची तोंडं. डाव्याचं काही झालं नाही. निकाल लागला तो काठावरचा होता, पण पास होता. होसूरला सासूबाईंनी स्वतः निरोप धाडला की मुलगी नोकरी करणार आहे. तिने खरंच केली. एका मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत रसायन शिकवलं. लग्न केलं नाही, त्याबद्दल कोणी विचारलं तर ती सांगे की मडकं एकदा उडवलं तेवढं पुरे.

सासूबाई गेल्या. माझा नवराही गेला. त्या घराच्या जागी आता चार मजले आहेत, आणि हौद कुठे होता ते मलाही दाखवता येणार नाही. कॉस्टिक उडालं तेव्हा घरात आम्ही तिघी होतो. त्यांतल्या दोघी आहेत. ती एका डोळ्याने पेपर वाचते, मी तिच्या शेजारी बसून ऐकते.